फळ्यावरचा मुसल्लस

आमच्या गावातली पहिली खाजगी शाळा आधी कागदावर निघाली, आणि तो कागद मी लिहिला होता. निजामी संपून चार-पाच वर्षं झाली होती. सदऱ्याच्या आत लपवून आणलेली पत्रकं वाचतच मी मोठा झालो, त्यामुळे शाळेचं पत्रकही त्याच आवेशात उतरलं. ‘या शाळेत प्रत्येक विषय विद्यार्थी मातृभाषेत शिकेल. परक्या भाषेचा एकही शब्द वर्गात उच्चारला जाणार नाही.’ आठवडी बाजारात उभं राहून मी ते स्वतः वाटलं. एका अडत्यानं ज्वारीचं रिकामं गोदाम दिलं, मधे बांबूचे तट्टे उभे करून वर्ग पाडले, आणि शाळा भरू लागली.

मराठी मी शिकवायचो. गणिताला माणूस मिळेना. शेवटी तुळजापूरचे एक गृहस्थ आले. पुजाऱ्यांच्या घरातले, कपाळाला कुंकू, धोतरावर काळा कोट. आम्हाला आनंद झाला. पहिल्याच तासाला त्यांनी फळ्यावर त्रिकोण काढला आणि म्हणाले, हा मुसल्लस. तट्ट्यापलीकडे माझा तास चालू होता. माझ्या हातातला खडू थांबला.

त्यांचं सगळं शिक्षण निजामाच्या काळातल्या शाळेत झालेलं. घरी देवीची आरती मराठीत, गणित मात्र डोक्यात उर्दूतच बसलेलं. कोन म्हणायला जात आणि जाविया म्हणत, समानच्या जागी मुसावी, रेषेला खत. मी त्यांना मराठी शब्दांची यादी करून दिली. माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठा माणूस, पण रोज दुपारी ती यादी मला पाठ म्हणून दाखवायचा. तासाला खडू हातात आला की सगळं विसरायचा. मी आतल्या आत जळायचो. ज्यासाठी एवढं झगडलो, ते हेच का, असं वाटायचं.

मग तपासणीचं पत्र आलं. सरकारी मान्यता मिळाली तरच आमच्या मुलांना आमच्या शाळेतून मॅट्रिकला बसता येणार होतं. नाहीतर जिल्ह्याच्या गावी जाऊन नाव घालायचं. मुलं कशीबशी गेली असती. वरच्या वर्गात तीन मुली होत्या. त्यांना कुणी पाठवणार नव्हतं. त्यातली एक भांडी विकणाऱ्याची मुलगी. तिच्या आईनं मला बाजारात अडवून विचारलं, “मास्तर, शाळा टिकतीय का? न्हाय तर पोरीसाठी स्थळ बघाया लागतो आमी.”

मी हेडमास्तरांकडे गेलो. तपासणीच्या दिवशी गणिताच्या मास्तरांना रजा द्या, म्हणालो. आपलंच पत्रक तपासणीचे साहेब आपल्या तोंडावर मारतील. हेडमास्तर सुपारी कातरत होते.

“देतो की रजा. गणित तुम्ही घेता का?”

मी तसाच परत आलो.

साहेब कळंबहून मोटारीनं आले. वर्गात मागं खुर्ची टाकून बसले, मांडीवर फाईल, फाईलवर माझं पत्रक. मी तट्ट्याच्या फटीला डोळा लावला. मास्तरांनी सुरुवात चांगली केली. समद्विभुज त्रिकोण, पायालगतचे कोन, तीन-चार वाक्यं स्वच्छ मराठीत. पण सिद्धतेत शिरले, त्यात रंगले, आणि जाविया, मुसावी, खत असं धो-धो सुरू झालं. अर्ध्यात त्यांच्या लक्षात आलं. मग तोंडून उर्दूही निघेना, मराठीही निघेना. कोटाच्या बाहीनं ते फळ्याचा कोपरा पुसत राहिले.

साहेबांनी सतरंजीवरच्या पहिल्या रांगेत बसलेल्या मुलीला उठवलं. तीच, भांडीवाल्याची. मास्तरांनी काय सांगितलं ते सांग, म्हणाले. ती फळ्याजवळ गेली आणि सगळी सिद्धता मराठीत मांडली, एकही पायरी न गाळता. साहेबांनी आणखी दोघांना विचारलं. तसंच.

“हे मराठीत कुणी शिकवलं?”

“मास्तरांनीच,” ती म्हणाली. “पहिल्याच आठवड्यात त्यांनी यादी उतरवून दिली समद्यांना. म्हणले, माझी जीभ आता वळायची न्हाय, तुमची वळवा. ते बोलतेत तसं, आमी वहीत लिहितो असं.”

ती यादी माझी होती. वर्षभर मी तट्ट्यापलीकडून कान देत होतो. एकदाही मुलांची वही उघडून पाहिली नव्हती.

साहेबांनी पत्रक कुणाचं ते विचारलं. मी पुढं झालो. ते म्हणाले, “पहिलं वाक्य ह्या पोरांनी खरं केलंय. दुसरं काढून टाका. मुसल्लस मीही शिकलोय.”

मान्यतेचा कागद महिन्याभरानं आला. हेडमास्तरांनी तो मोठ्यानं वाचला तेव्हा मी तिथंच सतरंजीवर बसलो. मग उठून गणिताच्या मास्तरांकडे गेलो. तपासणीच्या दिवसापासून त्यांची ट्रंक बांधलेलीच होती. नोकरी गेली असं धरूनच ते रोज वर्गावर येत होते. मी ट्रंकेची दोरी सोडायला बसलो, गाठ घट्ट होती, तेव्हा तेही शेजारी बसले.

बाजारात त्या मुलीची आई भेटली. “आता दोन वर्सं स्थळाचं नाव काढत न्हाय,” म्हणाली, आणि घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली.