सहा बावन्नची बस एरर

सर्व्हर आजारी पडला की स्वतःच सांगतो, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. चाकणच्या कंपनीत मी लागले ती स्टोअरमध्ये टायपिंगला. मग कॉम्प्युटर आले, बिघडायला लागले, आणि दुरुस्तीवाला चार-चार दिवस फिरकायचा नाही म्हणून मीच त्यांची झाकणं उघडायला लागले. असं करत करत निवृत्तीला दोन वर्षं उरली तेव्हा सर्व्हरची खोली माझ्याकडे होती. खोली कसली, देवघराएवढी. एक एसी, एक यूपीएस, आणि बाहेरच्या भिंतीला बोल्टांनी ठोकलेलं लोखंडी कपाट, त्यात सर्व्हर. जमिनीवर ठेवलं तर पावसाचं पाणी शिरेल, भिंतीला लावा, असं मीच सांगितलं होतं. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

तर सर्व्हर आपली डायरी लिहीत असतो, तिला लॉग म्हणतात. सकाळी चहाआधी मी लॉग वाचायचे, घरी पेपर वाचतात तसा. एकदा त्यात तीन ओळी दिसल्या. बस एरर. तिसऱ्या घरातली डिस्क सापडत नाही. आणि चार सेकंदांनी, सापडली. आता ही बस म्हणजे सर्व्हरच्या पोटातली वाट, जिच्यावरून डिस्कशी बोलणं चालतं. वाट तुटली आणि लगेच जुळली, एवढाच त्याचा अर्थ. वेळ सहा बावन्न.

मी केबल काढून पुन्हा घट्ट बसवली. त्याच दुपारी दोन बावन्नला तेच. केबलच बदलली. दुसऱ्या सकाळी सहा बावन्न. मग डिस्क बदलली, खोक्यातली कोरी घातली, तर तीही सहा बावन्नला हरवली आणि चार सेकंदांत परत आली. जणू त्या घरात कुणीही राहायला जावं, त्या वेळेला त्यानं बाहेर पाऊल टाकून यावंच. मला वाटलं, सात आणि तीनच्या शिफ्टला माणसं हजेरीचं बोट लावतात, त्या गर्दीनं होत असेल. हजेरी चार दिवस दुसऱ्या मशीनवर नेली. काही फरक नाही. यूपीएस तपासून झाला. फक्त गुरुवारी लॉग कोरा असायचा. गुरुवारी आमच्या पट्ट्यात सुट्टी, कंपनीत वॉचमनशिवाय कुणी नाही. म्हणजे जे काही होतं, त्याला माणसं लागत होती.

खरं सांगते, मी त्या खोलीत एकटी जायला कचरायला लागले. भुताखेताची भीती नाही मला. पण यंत्र इतकं वक्तशीर चुकायला लागलं की अंगावर येतं. चुकीला वेळ नसते, म्हणून तर ती चूक.

अशात एका दुपारी बसचा ड्रायव्हर दारात येऊन उभा राहिला. निगडीहून माणसं आणणारी आमची बस हाच चालवायचा. पन्नाशीचा, मारुंजीचा जुना रहिवासी, बारा वर्षं त्याच रूटवर. चपला दाराबाहेर काढल्या आणि घडी घातलेला कागद पुढं केला. बसच्या ठेकेदारानं दिलेला इंग्रजीतला मेमो होता, दुसरा. तिसरा मिळाला की घरी जायचं, असं त्याला सांगून ठेवलं होतं.

"ताई, ह्यात माझी चूक काय लिवलीय तेवढी सांगा. मी इचारलं तर म्हणत्यात, तुला म्हाईत हाय."

मी वाचलं आणि आधी हसू आलं. झालं होतं असं की सर्व्हर दर शनिवारी आठवड्याच्या बिघाडांची मेल मला पाठवायचा आणि ॲडमिनच्या साहेबांनाही, कारण सर्व्हरच्या दुरुस्तीच्या कागदांवर सही त्यांची. साहेबांनी वाचलं, रोज दोनदा बस एरर, सहा बावन्न, दोन बावन्न. त्यांच्या खात्यात बस एकच, निगडीची. त्यांनी मेल जशीच्या तशी ठेकेदाराकडे ढकलली, कारवाई करावी म्हणून. ठेकेदारानंही काही विचारलं नाही.

मी त्याला म्हटलं, दादा, ही तुमची बस नव्हे, ही सर्व्हरच्या पोटातली. तुमचा काही संबंध नाही, मी आजच साहेबांना सांगते. त्याचा चेहरा सैल झाला. जाता जाता मी सहज विचारलं, तुम्ही गेटात किती वाजता येता?

"पावणेसातला. अन् दुपारी पावणेतीनला. मानसं उतरली की मागं वळवून भिंतीला लावतो."

कोणत्या भिंतीला, हे मी विचारलं नाही. मला विचारवलं नाही.

दुसऱ्या दिवशी साडेसहापासून मी खोलीत बसले. एसीच्या घरघरीत बाहेरचं काही म्हणजे काही ऐकू येत नाही. डावा हात कपाटावर टेकवला होता. सहा पन्नास झाले, काही नाही. मग माझ्या हातातल्या काचेच्या बांगड्या वाजायला लागल्या. हात मी हलवला नव्हता. बारीक, एकसारखी किणकिण, जशी कुणी दुसऱ्याच बाईनं माझ्या मनगटाशी हात आणावा. मी हात उचलला, किणकिण थांबली. टेकवला, सुरू. आणि समोर पडद्यावर ओळ उमटली, तिसऱ्या घरातली डिस्क सापडत नाही.

धावत बाहेर गेले. भिंतीपलीकडे त्याची बस उभी होती, इंजिन चालू, अख्खी थरथरत. बसचा सेल्फ, म्हणजे इंजिन चालू करायचा स्टार्टर, गेलेला, तीन अर्ज देऊनही ठेकेदारानं बसवलेला नाही; बंद केली तर धक्का मारायला माणसं लागतात, म्हणून तो ती बंदच करायचा नाही. जागा उताराची, म्हणून मागचं चाक आणि भिंत यांच्यात भलामोठा दगड अडकवायचा. बसची सगळी थरथर त्या दगडातून भिंतीत आणि भिंतीतून माझ्या कपाटात; चाक दगडावर रेलताना ती सगळ्यात जोराची, तेवढे चार सेकंद डिस्क सुटायची. मी त्याला दगड काढून बस चार हात पुढं घ्यायला सांगितली. दुपारी दोन बावन्नला लॉग कोरा.

म्हणजे साहेबांनी चुकून वाचलं होतं ते खरं निघालं. बस एरर ही त्या बसचीच. आणि मीच त्याला सांगून बसले होते, तुमचा काही संबंध नाही.

साहेबांकडे गेले तर ते खुर्चीत मागे रेलले. म्हणाले, मॅडम, मी काय वेगळं म्हणत होतो? रिपोर्टमध्ये तसंच लिहा. तसं लिहिलं की तिसरा मेमो निघणार, हे त्यांनाही ठाऊक होतं.

मी रिपोर्ट लिहिला. खोटं एक अक्षर लिहिलं नाही. लिहिलं की सेल्फ दुरुस्त करण्याची जबाबदारी ठेकेदाराची, आणि ड्रायव्हरनं ती तीनदा लेखी मागितली आहे, त्या अर्जांच्या प्रती सोबत. आणि खाली लिहिलं, कपाट बाहेरच्या भिंतीला लावण्याचा निर्णय माझा होता, तो चुकीचा होता.

साहेबांनी ती ओळ दोनदा वाचली. "मॅडम, हे तुमच्या फाईलला लागेल."

"लागू द्या. माझी दोन वर्षं राहिलीत, त्याची दहा."

लागलंच. त्या वर्षी माझ्या नावापुढं शेरा आला. पण ठेकेदाराला सेल्फ बसवावा लागला, दोन्ही मेमो मागे घेतले गेले, आणि कपाट भिंतीपासून सोडवून आतल्या बाजूला उंच चौथऱ्यावर ठेवलं. महिनाभर लॉग स्वच्छ.

मग एका शुक्रवारी चहाआधी लॉग उघडला. आदल्या दिवशीची नोंद, गुरुवार, सुट्टीचा. बस एरर. तिसऱ्या घरातली डिस्क सापडत नाही. चार सेकंदांनी, सापडली. सहा बावन्न. गेटला कुलूप, बस कंपनीतच नाही, कपाट भिंतीपासून चांगलं दोन हात लांब.

बाहेर जाऊन ड्रायव्हरला गाठलं. एवढंच विचारलं की काल सकाळी कुठं होता.

"घरी, ताई. निजलो व्हतो." तो जरा ओशाळला. "पर सुट्टीच्या दिशी बी त्या टायमाला जाग येती. अंग हलतं. कालबी बायकूनं हात धरला, म्हनली, अहो, गाडी बंद करा."

मी खोलीत परत आले. माझी एक वही असायची, डाव्या बाजूला बिघाड, उजव्या बाजूला कारण. डावीकडे सगळं नीट लिहिलं. उजवीकडची जागा तशीच ठेवली, आणि त्या आठवड्याची मेल साहेबांकडे पोचायच्या आत त्यांचं नाव यादीतून काढून टाकलं.