बसऱ्यात नानासाठी बिछाना शोधला तवा

बोटीवरच्या माणसांच्या गोष्टी म्हंजे मासळीचं खवलं. किती बी धुवा, कुठंतरी कोपराला चिकटून ऱ्हातंच. आमच्या मुरुडच्या गलबतानं बसऱ्याची खेप केली, तवापासून तर माझ्या अंगभर चिकटल्यात. मधी टोकू नका. डोसकं फिरलं तर सांगायचा न्हाय!

कौलं उतरवली व्हती, खजूर भरायचा व्हता. तवर गलबत काठावर आडवं करून खालनं तेल लावत व्हते. म्हून समदे जमिनीवर झोपायला निघालो, नि तिथंच आमचा तांडेल, गलबत हाकणारा पोशा नाना अडकला. इतके दिवस लाटांवर झोपलेला मानूस. थिर जमिनीवर त्याचा डोळाच लागंना!

गलबताच्या मालकाचा मानूस सरळ बोलला, "खजूर भरंपर्यंत झोपला न्हाय, तर सुकानू दुसऱ्याच्या हाती." बरोबरच हाय. पेंगणाऱ्या तांडेलाबरोबर समुद्रात कोन जाईल? पन नानाचं तोंड उतरलं, ते आजून दिसतं मला.

*

आधी हॉटेल. आमचा खलाशी हसनभाय अरबी बोलायचा. तो बोलला, "नाना, महाग हाय, पन स्प्रिंगची गादी हाय. हलते!"

नाना चढला, आडवा झाला, नि धडपडून उठला.

"अरे, खाली जाते नि वर येतच न्हाय! ही कसली लाट? गलबत असतं तर बुडालो असतो!"

*

मग मुसाफिरखाना. फुकट. हसनभाय खूश. पन आत मुलूखमुलखाचे लोक, नि प्रत्येक जन आपल्या भाषेत घोरतोय! नाना भिंतीला टेकून बसलेला. माझी सटकली. घोरणाऱ्याच्या अंगावर चप्पल भिरकावली. ती लागली कोपऱ्यात माळ जपत बसलेल्या म्हाताऱ्याला.

सकाळी म्हातारा चप्पल पुसून घेऊन दारात हजर. हसनभायशी कायतरी बोलला.

"काय बोलतोय?" मी मुठी वळून इचारलं.

"म्हंतो, दुसरी पन फेकायची व्हती. एकीचा मला काय उपेग?"

*

मग एका घरची गच्ची. तिकडं गरमीत समदं घरच वर झोपतं. आहाहा! खाली नदी, पल्याड खजुराची काळी रांग. वारा आला की वाटायचं, आपल्याच माडांत निजलोय. चांदनं इतकं जवळ, की हात लावला तर बोट ओलं व्हईल.

आमच्याकडं तांडेल नांगराचा दोर हातानं बघितल्याबिगर झोपत न्हाय. इथं नांगर कुठला? नानानं खाटच कठड्याला बांधली, नांगराच्या गाठीनं! सकाळी घरमालक खाट हलवायला आला, तर गाठ सुटंना. भडकला. "आम्ही काय खाटा चोरतो?"

हसनभाय बोलला, "न्हाय हो. भरती येईल म्हून बांधलीय."

मालकानं कठड्यावरून वाकून नदी बघितली. बराच वेळ बघितली. नि दुसऱ्या सांजेला आपली खाट घेऊन नानाकडं आला, "माझी पन बांध!"

मालक झोपला. नाना ध्रुव बघत जागा. तारा समोर असला की तांडेल सुकानूवरच असतो, त्याला काय करनार?

*

खजूर भरत आला. नानाचे डोळे लाल, पाय लटपटत. शेवटी खजुराच्या बागेतल्या एका म्हातारीनं आम्हा तिघांना आपल्या बोरूच्या झोपडीत जागा दिली. दुपारची येळ. आड्याला पाळणा, पाळण्यात तिचा नातू. पाळण्याची दोरी तिनं नानाच्या हातात दिली नि भाकऱ्या थापायला गेली.

नाना भुईवर आडवा होऊन दोरी ओढत व्हता. पाळणा पुढं, हात वर. पाळणा मागं, हात खाली. पुढं, मागं. बाहेर पाटात भरतीचं पानी चढत व्हतं. बघतो तर नानाचं तोंड उघडं! झोपला! हात तेवढा दोरीबरोबर हलतोय.

पोर मात्र जागं झालं, हसाय लागलं. म्हातारी धावत आली, त्याला मांडीवर घेतलं. पाळणा मंद झाला तशी नानाची पापनी हलली.

म्हातारीनं पाय लांब केला नि पाळण्याला लावला. नानाचा हात पुन्हा वर, खाली.

रिकामा पाळणा! आपल्याकडं असं करतात व्हय? पोराला वाईट असतं! मी वरडायला तोंड उघडलं.

हसनभायनं माझं मनगट धरलं. कानात बोलला, "गप. ह्यांच्यात पन रिकामा हलवत न्हाईत."

म्हातारीनं व्हटावर बोट धरलं, नि पाळणा हलवतच ऱ्हायली.