अक्कांच्या पर्समधला पंप

"सुमित्राक्का गेल्या हो पहाटे... दम्यानं. जुनाच ना तो त्यांचा?" मळमड्डीहून जुन्या शेजारीणबाईंचा फोन. मी रिसीव्हर धरून उभीच राहिले. कारण अक्कांना दमा नव्हता. कधीच नव्हता. आणि हे आमच्या घराबाहेर कुणालाच ठाऊक नव्हतं.

अक्का आमच्या गल्लीच्या टोकाला एकट्या राहायच्या. मुलींच्या शाळेत पी.टी.च्या बाई. पदर खोचलेला, गळ्यात शिट्टी, काखेत काळी पर्स, आणि आवाज असा की मैदानाच्या पार पलीकडची पोर जागच्या जागी थिजावी. नव्वदच्या सुमाराला माझी मुक्ता पहिलीत त्यांच्या हाताखाली गेली. मी जन्माची भित्री. माझा धाकटा भाऊ लहानपणी दम्यानं माझ्या डोळ्यांदेखत गेला होता. त्यामुळे मुक्ता पळून आली, तिची छाती भात्यासारखी हलताना दिसली, की मी तिला धरून खाली बसवायची. एकदा न राहवून मैदानावरच गेले. म्हटलं, "अक्का, पळवू नका हो तिला!"

अक्का रागावल्या नाहीत. पहिलीच्या पोरींना एक फेरी पळवून रांगेत उभं केलं. "म्हणा!" पोरी म्हणू लागल्या, "अप्पा... अव्वा... अण्णा... अक्का... तम्मा... तंगी..." नात्यांची कानडी माळ ती, आणि दर शब्दाला एक श्वास. मुक्ताच नाही, सगळ्याच धापा टाकत होत्या. मग सातवीच्या मुलींना तेवढंच पळवलं. त्यांनी दोन श्वासांत माळ संपवली. "बघितलंस ना तंगी?" मला त्या धाकटी बहीणच मानायच्या. " लहान पोरांचा श्वास लहान, म्हणून भराभर घ्यावा लागतो. वाढतील तसा खोल होतो, सावकाश होतो. हेदरब्याड." भिऊ नको म्हणे! सांगणाऱ्याचं काय जातं...

"पण खरी परीक्षा पळताना नसते, थांबल्यावर असते," असंही त्या म्हणाल्या होत्या. शर्यत संपली की त्या एकेकीच्या पाठीवर तळवा ठेवून थोडा वेळ थांबायच्या, मगच तिला सरबताकडे सोडायच्या. मुक्ता तिसरीत होती. थंडीतल्या एका सकाळी माझ्यादेखत तो तळवा तिच्या पाठीवरून हललाच नाही. "कान लाव," मला म्हणाल्या. आत बारीक शिट्टी वाजत होती... माझ्या भावाच्या छातीत वाजायची तीच. मी मुक्ताला तशीच घेऊन डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टरांनी दमाच सांगितला, पळण्याआधी ओढायला पंप दिला आणि घरात रणकंदन माजलं. "पंप? अगं, पोरीची जात! उद्या पदरात कोण घेणार हिला? अडुळशाचा रस द्या," सासूबाईंनी निकाल लावला. हे ऐकून अक्का आल्या. पंप उचलला, स्वतःच्या पर्समध्ये टाकला. "कुणी विचारलं तर माझा म्हणून सांगा. माझं लग्न काय, राहिलंय ते राहिलंयच!" त्या दिवसापासून मुक्ता पळण्याआधी त्यांच्या खोलीत जाऊन पंप ओढून यायची, आणि गल्लीभर झालं, बिचाऱ्या अक्कांना दमा, तरी बघा कशा पळतात. अक्का खुशाल खोटं खोकून दाखवायच्या. मुक्ता दहावीत गेली तोवर पळून आल्यावरही एका दमात माळ म्हणायला लागली होती. माझी भीती मात्र तेवढीच राहिली.

पुढे ह्यांच्या वर्कशॉपमुळे आम्ही हुबळीला गोकुळ रोडला आलो. मुक्ता बावीस वर्षांची झाली तशी तिला स्थळं बघू लागलो. मध्ये एकदा अक्कांकडे गेले, तर त्या दारातल्या पायरीवर बसलेल्या, पाय सुजलेले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. शिट्टी नव्हती. "म्हणा बघू," मी थट्टेनं म्हटलं. "अप्पा... अव्वा..." अण्णापर्यंत पोचल्याच नाहीत.

"अक्का, हा दमा नव्हे. चला डॉक्टरकडे."

"गल्लीतले... दमाच म्हणतात. म्हणू दे," त्या अडखळत म्हणाल्या. "नाही म्हटलं... तर विचारतील, पंप कुणाचा होता? आधी... मुक्ताचं ठरू दे."

मी खूप भांडले. सोमवारी येते आणि ओढत नेते, असं बजावून परत आले. शनिवारी तो फोन आला. सुजलेल्या पायांचं ऐकून आमचे डॉक्टर म्हणाले, ते हृदय असणार.

तेराव्याला अक्कांच्या घरी सगळी गल्ली जमली होती. मुक्ताला सांगून आलेल्या मुलाची मावशीही तिथलीच, तीही होती. जो तो म्हणत होता, दम्यानं नेलं हो बाईला. मुक्ता उठली. खुंटीवरची काळी पर्स काढली, आतला जुना पंप सगळ्यांसमोर धरला. "हा माझा आहे. पहिल्यापासून माझाच. अक्कांना दमा नव्हता." तिला हाताला धरून खाली बसवावं असं वाटलं... पण हात उचललाच नाही. मावशीबाई चहा न घेता निघून गेल्या.

त्या स्थळाकडून पुन्हा निरोप आला नाही. पर्स आता आमच्या दाराशेजारी टांगलीय. मुक्ता त्यातून आपला पंप घेते, चारचौघांत ओढते आणि रोज सकाळी पळायला जाते. ती येईपर्यंत मी दारातच. आली की पाठीवर तळवा ठेवते, थोडा वेळ थांबते. मग म्हणते, "म्हण." ती म्हणते, एका दमात. 'अक्का'शी आवाज हलतो तिचा, पण श्वास तुटत नाही. तेवढं ऐकते आणि मग मी हात काढते.