सफायाला न पुसता आलेली डिस्क

आमच्या हिचा धाकटा भाऊ कॉम्प्युटर दुरुस्त करतो, असं त्याच्या दुकानाच्या फलकावर लिहिलंय. फलक त्यानेच रंगवलाय, तेव्हा त्याला पुरावा धरू नका. गल्ली त्याला सफाया म्हणते, आणि हे नाव मात्र पुराव्यानिशी पडलेलं आहे. दुखणं कुठलंही असो, याचं औषध एकच. मशीनमधलं सगळं पुसायचं आणि कोरं करून हातात द्यायचं.

एक बाई आल्या. म्हणाल्या, "भाऊ, याचं घड्याळ मागे पडतंय." याने पुसला. दवाखान्यातला कारकून आला. त्याच्या कीबोर्डात बिस्किटाचा चुरा जाऊन एक बटण रुतलं होतं. याने पुसला. कारकून परत जाऊन बघतो तर पेशंटची नावं गायब, आणि बटण आपलं जिथल्या तिथे, रुतलेलं. तो तणतणत आला तर सफाया त्यालाच विचारतो, "पण मशीन कसं हलकं वाटतंय की नाही? खरं सांगा!" आता एवढ्या आत्मविश्वासाने विचारल्यावर माणूस गोंधळतो हो. कारकून गोंधळला आणि "हो, तसं वाटतंय" म्हणून गेला. त्याने नंतर काय केलं ते विचारू नका. तो समोरच्याकडे गेला.

समोरचा म्हणजे रस्त्यापलीकडचा दुसरा दुकानदार. त्याला नाव आहे, बायको आहे, चांगली दाढीबिढी आहे, पण सफायाच्या तोंडी तो फक्त "समोरचा". "समोरच्याला काय येतं? दिवसभर स्क्रू फिरवत बसतो." स्वतः सफायाच्या खिशाला स्क्रूड्रायव्हर पेनांसारखे ओळीने खोचलेले असतात. त्यातला एकही स्क्रूला लागलेला मी तरी पाहिलेला नाही. एकदा आंब्याच्या लोणच्याच्या बरणीचं झाकण मात्र उचकटलं होतं त्याने.

आणि गळ्यात काळ्या दोरीला पेनड्राइव्ह. एकच. मी एकदा म्हटलं, "अरे, सुताराकडे पटाशासुद्धा दोन असतात. दुसरा घे की एखादा." तर म्हणे, "दाजी, दोन ठेवले की कशात काय आहे ते विसरायला होतं. एक असला की डोक्याला तापच नाही." यावर ही माझ्याकडे वळून बघते. चेहऱ्यावर असं कौतुक, की मी शहाण्यांच्या घरात चुकून जावई म्हणून आलोय.

घरातही त्याची तीच तऱ्हा. फ्रिजला वास आला म्हणून त्याने फ्रिज रिकामा केला, त्यात नुकतंच विरजलेलं दही होतं. भिंतीवर पोरांच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या, लहानपणापासूनच्या. बायको माहेरी गेली आणि याने भिंत पांढरीशुभ्र करून टाकली. ती आली, भिंतीकडे बघत उभी राहिली. हा म्हणतो, "बघ, खोली केवढी मोठी दिसायला लागली!"

तर ही बायको. तिला आमच्या घरात सगळे वहिनीच म्हणतात. दुकानाच्या वर त्यांचं घर, आणि घरातली खिडकीजवळची जागा वहिनीच्या कापायच्या टेबलाची. ती शिवणकाम करते. इतकी वर्षं "सफायाची बायको शिवते" एवढीच तिची ओळख. पन्नाशीत लेकीच्या मागे लागून ती कॉम्प्युटरवर नमुने काढायला शिकली. पाठ, बाही, कॉलर, खिसा, सगळं आधी पडद्यावर आखायचं, मग कागदावर छापून कापडावर ठेवायचं. मी बघत बसायचो. मला तर बाही कुठली आणि पायजमा कुठला हेच कळायचं नाही, पण हात असा भराभर चालायचा की बघत राहावंसं वाटायचं.

गेल्या वर्षी जवळच्या शाळेच्या मोठ्या बाईंनी तिला बोलावून घेतलं आणि अख्ख्या शाळेचे गणवेश तिला दिले. दरवर्षी गणवेश पुरवणाऱ्या कारखानदाराला डावलून. तिच्या स्वतःच्या नावावर आलेलं हे पहिलं मोठं काम. वहिनीने सबंध उन्हाळा पोरांची मापं घेऊन प्रत्येक इयत्तेचे नमुने काढले. कापडाचे तागे येऊन पडले, शाळा उघडायला आली. आता एक कॉलर आणि थोड्या पोरांची मापं उरली होती, मग नमुने छापायचे आणि कात्री चालवायची. एवढ्यात तिचा कॉम्प्युटर कुरकुरायला लागला.

त्या दिवशी आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो होतो. वहिनी शाळेत निघाली होती, उरलेल्या पोरांची मापं घ्यायला. गळ्यात टेप, पायात चपला, आणि नवऱ्याला सांगतेय, "अहो, नीट ऐका. जुनं सगळं उघडतंय. पण नवीन काही काढून ठेवलं, की सकाळी ते नसतं. कॉलर मी आठवडाभर काढतेय, रोज जातेय ती. काय होतंय तेवढं बघा. बघा म्हणजे बघाच. पुसायचं नाही."

"अगं, कचरा साठलाय कचरा."

"पुसायचं नाही."

"नाही गं बाई! दाजी आहेत की इथे साक्षीला."

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मला साक्षीला ठेवणं म्हणजे काय, ते तिला चांगलं ठाऊक होतं. पण पोरं खोळंबली होती. ती गेली.

जिना उतरल्याचा आवाज थांबला आणि सफायाने बाह्या सरसावल्या. ही म्हणाली, "अरे, ती नको म्हणाली ना?" तर म्हणतो, "ताई, तिला काय कळतं? परत येईल तर मशीन असं पळत असेल की पाया पडेल माझ्या. आणि नमुने मी आधी काढून ठेवणारच आहे. मी काय वेडा आहे?"

ही लगबगीने पदर सावरायला लागली आणि मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

गळ्यातला पेनड्राइव्ह काढून त्याने खरोखरच सगळे नमुने त्यात भरून घेतले. मला दाखवले सुद्धा. मग दोन्ही हात चोळून त्याने मूळ डिस्क पुसायचा हुकूम सोडला. डिस्क म्हणजे यंत्राची कोठी हो, सगळं तिच्यात साठतं आणि सकाळी यंत्र उठतं तेही तिच्याच जोरावर. हुकूम सुटला आणि पडद्यावर पाटी आली: ही डिस्क वापरात आहे, पुसता येत नाही.

"वापरात? कोण वापरतंय? मी इथे बसलोय!"

"मग तूच वापरतोयस," मी म्हटलं.

त्याने पुन्हा हुकूम सोडला. पुन्हा तीच पाटी. माणूस सतरंजीवर मांडी घालून बसलाय आणि तीच सतरंजी गुंडाळायला निघालाय, असा तो प्रकार. बराच वेळ सतरंजीशी झटल्यावर त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. म्हणाला, "दाजी, याला बाहेरून उठवायला पाहिजे. पेनड्राइव्हवरून चालू करायचं, म्हणजे डिस्क मोकळी, मग कुठे जाते बघू!" आणि टणाटण जिना उतरून दुकानात गेला, यंत्र उठवायची सामग्री पेनड्राइव्हवर चढवून आला. ही तोवर चहा टाकून, "बघा, कसा हुशार आहे, हार मानत नाही," असं मला ऐकवत होती.

आता डिस्क गुमान पुसली गेली. हिरवी रेघ सरकत सरकत टोकाला गेली, "काम पूर्ण झालं" असं आलं. सफायाने चहाचा घोट घेऊन मिशा पुसल्या. "आता नमुने परत टाकू," म्हणाला, आणि पेनड्राइव्हकडे हात नेला. नेला आणि तिथेच थांबला.

मी विचारलं, "काय रे?"

त्याने भराभर टेबलाचा खण उघडला. खालचा उघडला. हिच्या पिशवीत डोकावला.

"अरे, शोधतोयस काय?"

"दुसरा पेनड्राइव्ह."

"तुझ्याकडे दुसरा कुठला?"

"तेच ना, दाजी," तो म्हणाला. इतका बारीक आवाज त्या घशातून येऊ शकतो हे मला तेव्हा कळलं. यंत्र उठवायची सामग्री चढवताना पेनड्राइव्ह आधी आपोआप कोरा होतो म्हणे. म्हणजे नमुने त्यानेच ठेवले, त्यानेच पुसले, आणि मग मूळ जागीही पुसले. काम एकदम चोख.

नेमकी तेव्हाच वहिनी आली. तिने आमचे चेहरे पाहिले. हिचा तर असा झाला होता की जणू तिनेच पुसलंय.

"अहो," वहिनी म्हणाली, "नमुने आहेत ना?"

"तू आधी पाणी पी."

"नमुने आहेत का?"

"काय झालं, की मशीनने एकदम…"

"मशीनने?"

"मी," सफाया म्हणाला. एवढं खरं तो लग्नानंतर पहिल्यांदाच बोलला असावा.

वहिनी ओरडेल, रडेल, काहीतरी फेकेल असं मला वाटलं. ती ताग्यांपाशी गेली. वरच्या निळ्या कापडाची घडी हाताने सारखी केली, उगाचच. मग परत आली, यंत्राला खोचलेला पेनड्राइव्ह दोरीसकट उपटला आणि खिडकीच्या कठड्यावर ठेवून दिला. "बंद करून चालू करा," म्हणाली.

"अगं, आत काही नाहीये. काय चालू होणार?"

"मला बघू दे, किती काही नाहीये."

त्याने बंद केलं आणि पुन्हा बटण दाबलं. यंत्र घुंघुं करून उठलं. आणि बघतो तर काय, सकाळी होता तोच पडदा! मागे नातीचा बोळकं दाखवणारा फोटो, पुढे इयत्तेवार ठेवलेले नमुने, एकूण एक. आम्ही खेड्यातल्या शाळेत पाटी ओल्या फडक्याने पुसायचो, ती काळीभोर दिसायची, आणि वाळली की मघाचीच अक्षरं पुन्हा वर यायची. तसं झालं अगदी. मी तर टाळीच वाजवली. वहिनी स्टुलावर बसली, तोंडावर पदर धरून.

आणि सफाया? ज्याची मान फासातून सुटली तो माणूस देवाला हात जोडेल, बायकोची माफी मागेल. हा लालबुंद झाला. "असं कसं? मी पुसलंय! पूर्ण झालं म्हणून आलं होतं. दाजी, तुम्ही पाहिलंत ना?" आणि कठड्यावरचा पेनड्राइव्ह उचलून, "थांब, परत करतो!" म्हणत यंत्राकडे झेपावला.

वहिनीने त्याच्या आधी यंत्र बंद केलं, तारा काढल्या, डबा कडेवर घेतला आणि जिना उतरायला लागली.

"अगं, कुठे निघालीस?"

"समोर."

"समोर म्हणजे? समोरच्याकडे? माझी बायको होऊन? गल्ली बघतेय!"

"बघू दे," ती खालून म्हणाली.

गल्लीने पाहिलं. मीही मागोमाग गेलो, अशी मजा कोण सोडतो? समोरच्याने तपासून सांगितलं, की डिस्क दमलीय. आता ती नवं काही घेत नाही आणि जुनं काही सोडत नाही. पुसा म्हटलं तर तोंडदेखलं हो म्हणते, पण बंद करून उघडली की जशीच्या तशी. एक दिवस ती बोलायचीही बंद होईल, त्याच्या आत सगळं काढून घेतलेलं बरं. त्याने तिथेच नमुने नव्या डिस्कवर उतरवले आणि ती बसवून दिली. स्क्रू फिरवून. न साठलेली कॉलर तेवढी वहिनीने पुन्हा काढली. शाळा उघडली तेव्हा पोरं नव्या गणवेशात उभी होती, आणि मोठ्या बाईंनी पुढच्या वर्षाचं कामही वहिनीलाच सांगितलं. तिच्या कॉम्प्युटरला आता परवलीचा शब्द आहे. तो नवऱ्याला सोडून घरात सगळ्यांना माहीत आहे.

काढलेली जुनी डिस्क तिने नवऱ्याच्या हातावर ठेवली होती. म्हणाली, "ही तुम्हाला. हवी तेवढी पुसा."

तिने ते टोचायला म्हटलं होतं. याने मनावर घेतलं. तेव्हापासून सफाया दुकानात त्या डिस्कसमोर बसलेला असतो. संध्याकाळी पुसून जातो, सकाळी उघडतो, तर नात बोळकं दाखवून हसतेय. गिऱ्हाईक आलं तर मान वर न करता म्हणतो, "ठेवा तिथे, बघतो नंतर." मशीन कोपऱ्यात पडून राहतं, चार दिवसांनी माणूस कंटाळतो आणि आपलं आहे तसं उचलून नेतो. घड्याळ मागे पडत असेल, बटण रुतलेलं असेल, पण आतलं सगळं शाबूत. गल्लीतले लोक वहिनी दिसली की हल्ली थांबून नमस्कार करतात. आणि त्यातला प्रत्येक जण हळूच विचारतो, "वहिनी, ती डिस्क अजून तगून आहे ना?"