ओवाळणीत आलेलं विमान

ताडकळसला आमचं दुकान होतं, फवारणीच्या औषधाचं. बियाणं, खतही ठेवायचो, पण खरा धंदा फवारणीचा. कापसावर अळी पडली की माणसं मी दार उघडायच्या आधीच पायरीवर येऊन बसायची. "रातभर अळी तुमालाच खायली होती का, उजाडायच्या आत आलात?" असं मी म्हटलं की हसायची. बाईमाणसानं दुकानात बसावं हे त्यांना आधी पटलं नव्हतं. पटवत बसायला मला वेळ नव्हता. आमचे हे दुबईला गेले तेव्हा घरात सासू आणि मी, दोघीच उरलो. सासरे आधीच गेलेले, मूलबाळ आम्हाला झालं नाही. दुकान बंद ठेवून हवा खायची होती का?

हे तिकडं एका ठेकेदाराकडं ट्रक चालवायला गेले होते. सुरुवातीला पत्रं नेमानं यायची. ऊन आपल्या परभणीसारखंच आहे, पण टेकायला झाड नाही, असलं काहीबाही लिहायचे. मग पत्र उशिरा यायला लागलं, आणि मग आलंच नाही. आखातात लढाई पेटली ती त्याच्याही नंतर, म्हणजे लढाईला दोष द्यायचीसुद्धा सोय राहिली नाही. ठेकेदाराच्या पत्त्यावर मी पत्रं टाकली, सेलूच्या माझ्या भावानं इंग्रजीतून टाकली. ज्या एजंटानं ह्यांना पाठवलं होतं त्याच्या नांदेडच्या ऑफिसाबाहेर जाऊन बसले, तर मुडदा मागच्या दारानं निघून गेला. आमच्या दारावरून जाताना पोस्टमन पलीकडच्या भिंतीकडं बघत जायला लागला. मी तेव्हा किती रडले ते विचारू नका. गिऱ्हाइकासमोर रडता येत नाही आणि सासूसमोर तर नाहीच नाही. जिवंत आहेत का, एवढंच कुणीतरी सांगावं, बाकी मला कशाचीही हाव नव्हती.

अशात एक दिवस औषध कंपनीचा साहेब मोटारसायकलवर आला. म्हणाला, "बाई, यंदा स्कीम आहे. जितकी खोकी उचलाल तितके पॉइंट." थोड्या पॉइंटांवर कुकर, बऱ्याच पॉइंटांवर फ्रिज, आणि सगळ्यांत वर दुबई. विमानानं जायचं, तीन दिवस राहायचं, विमानानं यायचं, सगळं कंपनीकडून.

माझ्या हातात औषधाचा डबा होता, तो मी खाली ठेवला.

"कुठं म्हनलात?"

"दुबई."

"परत म्हना."

त्यानं परत म्हटलं, जरा मोठ्यानं. बाईला कमी ऐकू येतं असं वाटलं असेल बिचाऱ्याला.

दुबईला जायचं माझ्या डोक्यात आधी नव्हतं असं नाही. पण विमानाचं तिकीट आमच्या आवाक्यातलं नव्हतं, आणि एकट्या बाईला तिकडचा व्हिसा देणार कोण? कंपनीच्या घोळक्यातून गेलं तर व्हिसाही कंपनीच काढणार होती. देवानंच दार उघडलं म्हणायचं! भावानं लागलीच माझ्या पासपोर्टची दरखास्त भरली. चौकशीला पोलीस आले, चहा पिऊन गेले, आणि उशिरा का होईना पासपोर्ट हातात आला.

त्या हंगामात मी जसं औषध विकलं तसं आसपास कुणी विकलं नसेल. बाजारच्या दिवशी दुकानाबाहेर टेबल मांडून उभी राहायची. उधारीवाल्याला गोड बोलायची, दुसऱ्या कंपनीचं मागायला आलेल्याला आमच्या कंपनीचं गळ्यात मारायची. गरज नसताना कुणाला एक थेंब दिला नाही, एवढं मात्र देवाशपथ सांगते. तरीही दिवाळीपर्यंत पॉइंट भरेनात. फवारणी संपली, अळीसुद्धा संपली. अळीनं अजून आठ दिवस राहावं म्हणून देवाला हात जोडणारी दुकानदारीण त्या जिल्ह्यात मी एकटीच असेन. लोकांच्या पिकाचं वाईट चिंतलं, पण माझा इलाजच नव्हता.

साहेबाकडं मी गयावया केली. तेव्हा त्यानं सांगितलं की एका दुकानाचे पॉइंट दुसऱ्या दुकानाच्या खात्यावर घालता येतात. "पण एकदाच. आणि एकदा गेले की माघारी येत नाहीत. नीट विचार करा."

माझ्या भावाचं सेलूला ह्याच कंपनीचं दुकान, माझ्यापेक्षा मोठं. तो फ्रिजपर्यंत पोचला होता. भाऊबीजेला मी गेले तर भावजयीनं आधी मला स्वयंपाकघरातला मोकळा केलेला कोपरा दाखवला. "वन्सं, फ्रिज इथं बसल." आता हिच्यासमोर कोणत्या तोंडानं मागू? जेवण गोड लागलं नाही.

संध्याकाळी भावाला ओवाळलं. त्यानं तबकात नोट टाकायची, तर घडी घातलेला कागद टाकला. उघडून बघते तर कंपनीला अर्ज, त्याचे सगळे पॉइंट ताडकळसच्या दुकानाला द्यावेत म्हणून, खाली सही.

"आक्का, जा. दाजींला घिऊन ये."

"आरं येड्या, हिचा फ्रिज!"

भावजय दारात उभी होती. म्हणाली, "माठातलं पानी काय कमी गार असतंय व्हय? जा तुमी." आणि आत जाऊन तिनं भांडी अशी आपटली की बास. तिला मी नावं ठेवत नाही. तिच्या जागी मी असते तर नवऱ्याच्या डोक्यात माठच घातला असता. पण ओवाळणी होती, परत करता येत नाही. तबकात पडलेलं बहिणीचं एकटीचं असतं, आमच्याकडं त्याच्यावर नवरासुद्धा हक्क सांगत नाही. मी कागद छातीशी धरला आणि पहिल्यांदा त्या घरात सगळ्यांसमोर रडले.

पॉइंट आमच्या खात्यावर चढले. दुबईच्या यादीत आमचं दुकान लागलं. साहेब पेढे मागायला आला, मी अर्धा किलो दिले. मग त्यानं तिकिटासाठी नाव वाचून दाखवलं, आणि घोड्यानं तिथंच पेंड खाल्ली. नाव ह्यांचं होतं.

आता हे कसं झालं ते सांगते. दुकान ह्यांच्या नावावर, परवाना ह्यांच्या नावावर. आदल्या वर्षी भाऊ म्हणाला होता, "आक्का, दुकान तुझ्या नावावर करून घे, पुढं कामाला येईल." मी त्याच्यावर अशी धावून गेले होते! "माणसाचं नाव कवा काडतेत रे? माणूस गेल्यावर! माझं कुंकू पुसायला निघालास का?" आमच्याकडं सातबारा असो, घर असो, दुकान असो, गडी मेल्याशिवाय त्याचं नाव हलत नाही. त्यांच्या जागी माझं नाव लागलं तर गाव काय समजेल? गाव जाऊ द्या, मी काय समजू? तो परवाना आहे तसा राहिला तोवर हे आहेत, असं मी धरून चालले होते. भाऊ परत त्या विषयावर बोलला नाही.

परभणीला कंपनीच्या ऑफिसात गेले. तिथला माणूस शांत, चष्मेवाला.

"दुकान ज्यांच्या नावावर, तिकीट त्यांनाच, बाई."

"अहो, ते तिथंच हायत की! दुबईलाच! दुबईतल्या मानसाला तुमी हितून विमानात बसिवनार?"

"नियम आहे. मागं एका दुकानदारानं मेव्हण्याला पाठवलं, दुसऱ्यानं तिकीटच विकलं. तेव्हापासून मालकाशिवाय कुणाला नाही."

"मग पॉइंट माघारी द्या. माझ्या भावाचे तरी द्या."

"गेलेले पॉइंट परत येत नाहीत."

तेलही गेलं, तूपही गेलं. मी तिथंच खुर्चीवर बसून राहिले. त्याला माझी दया आली असावी. चष्मा काढून हळू आवाजात म्हणाला, "एकच मार्ग आहे. मालक मयत असतील तर वारसाला जाता येतं. दाखला आणा, मी स्वतः तुमचं नाव घालतो." त्यानं मला चार शब्द टाकून बोलायला हवं होतं, मग मी भांडले असते. चांगल्या माणसाशी भांडता येत नाही.

विद्यापीठाच्या नामांतरावरून तेव्हा कुठं ना कुठं बंद असायचा, त्या दिवशीही गाड्या कमी सुटत होत्या. स्टँडवर बसून बसून माझं डोकं फिरायची वेळ आली. नवऱ्याला शोधायला जायचं तर आधी नवरा मारावा लागतो! कुणाच्या डोक्यातून निघालं असेल हे?

घरी आले तर सासू ज्वारी निवडत होती. सगळं सांगितलं. सांगून झालं तरी तिचे हात चालूच होते. मग म्हणाली, "मग लिव की मयत."

"आत्याबाई!"

"वरडू नकू. कागदावर लिवल्यानं माझं लेकरू मरंल व्हय गं? म्या पोटात वागिवलाय त्याला. न्हाई म्हनायची वेळ आली आसती तर आदी मला कळलं आसतं. हाय त्यो. जा आन् घिऊन ये. आल्यावर खोडू की कागद."

दुसऱ्या दिवशी ती धुतलेलं लुगडं नेसून माझ्या आधी तयार होती. मी तिच्या मागं मागं ग्रामपंचायतीत गेले. ग्रामसेवकाला आमचं सगळं ठाऊक होतं. त्यानं बसायला सांगितलं आणि म्हणाला, "आवो काकू, परदेशात वारले म्हनलं तर तिथला कागद लागतो. हितं घरीच वारले आसं लिवावं लागंल. माझी नोकरी जाईल हे कळलं तर. पर तुमचे हाल मला बघवंना गेलेत." सासूनं अंगठा पुढं केला, शाई लावून घेतली, कागदावर दाबला. हात जरासुद्धा हलला नाही तिचा.

"मयतीची तारीख?" त्यानं विचारलं.

सासू माझ्याकडं बघायला लागली. "सांग गं. तुला वाचता येतंय."

भिंतीवर कॅलेंडर होतं. मी उठून त्याच्यासमोर उभी राहिले. आखाजी? आखाजीला हे मोसमातला पहिला आंबा खायचे, त्या दिवशी नाही. पोळ्याला दुसऱ्यांच्या बैलांची शिंगं रंगवायला जायचे, कोपरापर्यंत रंग घेऊन घरी यायचे, त्या दिवशी कसं लिहू? दसऱ्याला नाही, दसऱ्याला तिकडंसुद्धा ट्रकला हार घातला असेल. वटपौर्णिमेला मी उपास धरला होता, कशासाठी धरला होता? पाडव्याला ह्यांच्या फोटोला ओवाळलं होतं. पानं उलटत गेले, उलटत गेले. ज्या दिवसावर बोट ठेवावं त्या दिवशी मी ह्यांच्यासाठी काही ना काही केलेलं होतं. मला एक दिवस सापडेना, ज्या दिवशी हे मेलेले चालतील.

"सणाचा नको," ग्रामसेवक म्हणाला, "साधा मंगळवार लिवू. आन् कारन ताप."

"ताप?" मी वळले. "तापात मी काय केलं वो मग? दवाखान्यात नेलं का न्हाई? का घरात बसून बघत व्हते? धडधाकट बायको घरात आसताना मानूस तापानं मेला म्हनून लिवायलाव तुमी?"

त्यानं पेन खाली ठेवलं. माझा आवाज फाटला होता, बाहेरचे लोक दारात येऊन उभे राहिले होते. मी टेबलावरचा कागद उचलला आणि सासूच्या अंगठ्यासकट टराटरा फाडला.

मी बाहेर आले. सासू मागून आली. आता ही मला शिव्या घालणार, आणि घातल्या तर बरंच, असं वाटत होतं. ती पदराला अंगठा पुसत होती, शाई निघत नव्हती.

"बरं केलंस गं माय," ती म्हणाली.

वेशीपर्यंत दोघी चालत आलो. तिथं ती थांबली.

"पर मग आता त्याला आनाया कोन जाईल?"

पुढच्या महिन्यात कंपनीचं विमान मुंबईहून गेलं आणि आलं. जिंतूरकडचा एक दुकानदार जाऊन आला होता, त्याला मी परभणीला गाठलं. आपल्याकडचे कुणी ट्रकवाले दिसले का, म्हणून विचारलं. तो भला माणूस, खजील झाला. म्हणाला, "बाई, तीन दिवस आमी बाजारातच फिरलो." त्याच्या हातात नवं घड्याळ होतं. माझी सासू पुढं बरीच वर्षं जगली, आणि अधूनमधून, ताटावर बसली असताना, तेच विचारायची, कोण जाईल म्हणून.

कुणीच गेलं नाही.