लिंकन गावची एकशे सहासष्ट घरं

नीलांबरीला राग आला की ती बोलत नाही, भांडी घासते. डिशवॉशर असताना घासते. त्या गुरुवारी तिचा नवरा शैलेंद्र शिकागोच्या ऑफिसातून घरी आला तेव्हा एकच कुकर ती तिसऱ्यांदा घासत होती.

"काय झालं?"

"घरं काढून टाकली," ती म्हणाली. "आणि मी हसले."

नागपूरला इतिहासात एम.ए. झालेली ही बाई लग्न करून नेपरव्हिलला आली आणि नऊ वर्षं नवऱ्याच्या व्हिसावर घरात बसली. काम करायची परवानगी मिळाली तेव्हा मुलीच्याच शाळेच्या लंचरूममध्ये लागली. पिवळं जॅकेट घालून दोनशे मुलांवर नजर ठेवायची, दुधाची खोकी फोडून द्यायची. महाराष्ट्र मंडळात कुणी "अजून लंचरूमच का गं?" विचारलं की ती हसायची. मुकाट हसायची सवयच लागली होती.

सहावीतल्या नैनाला, तिच्या मुलीला, शाळेसाठी किल्ला करायचा होता. धडा होता नॉर्मन लोकांनी १०६६ साली इंग्लंड जिंकलं त्याचा. ज्यांचा देश गेला त्या अँग्लो-सॅक्सन लोकांना पुस्तकात अडीच ओळी आणि जिंकणाऱ्यांच्या किल्ल्यांना चार रंगीत पानं! नीलांबरीचं डोकं तिथेच फिरलं. तिने नैनाला इंग्लंडातल्या लिंकन गावाची गोष्ट सांगितली. तिथे किल्ल्याच्या जागेसाठी एकशे सहासष्ट घरं उठवली. हा आकडा जिंकणाऱ्या राजाच्याच कारकुनांनी पुढे लिहून ठेवलाय. घरातल्या माणसांची नावं मात्र नाहीत.

"व्हेअर डिड दे गो?" नैनाने विचारलं.

"ते लिहायची गरज कुणाला वाटली नाही."

मग तीन आठवडे मायलेकींनी सीरियलच्या खोक्यांची अंगठ्याएवढी घरं कापली. मोजून एकशे सहासष्ट. एका दारात नैनाने मांजर काढलं. छपरं मोडून ती सगळी टेकाडाच्या पायथ्याशी अर्धी गाडली आणि टेकाडावर किल्ला बसवला.

गुरुवारी लंचरूममध्ये नैना आईकडे बघेना. खोदून विचारल्यावर म्हणाली, "मॅम म्हणाल्या, प्रोजेक्टच्या लिस्टमध्ये घरं नाहीत. मार्क्स कट होतील. उद्या पेरेंट्स येणार, इट लुक्स सॅड. सो आय टुक देम आउट."

नीलांबरी पिवळ्या जॅकेटातच वर्गात गेली. घरं कागदांच्या टोपलीत पडली होती. ती वाकून एकेक वेचू लागली तेव्हा मॅम गोड आवाजात म्हणाल्या, "किल्ला कसा बांधायचा ते शिकायचंय ना आपल्याला. आणि त्या लोकांना पुढे सवय झालीच की!"

नीलांबरी हसली. सवयीने.

"आता त्या हसण्याचं काय करू?" ती शैलेंद्रला म्हणाली.

"आपण उगाच वाईटपणा कशाला घ्यायचा? पोरीचे मार्क्स आहेत, यार."

"मार्क्सची भीती वाटतेच. पण तीही माझ्यासारखी हसायला शिकेल, त्याची जास्त वाटते."

कुकर चौथ्यांदा सिंकमध्ये आला.

शुक्रवारी शाळेच्या हॉलमध्ये पंचवीस किल्ले मांडले होते. खंदक, झेंडे, उघडझाप होणारे पूल. पालक फोटो काढत होते. नीलांबरीने टोपलीतून वेचलेल्या घरांचा स्टीलचा डबा नैनाच्या टेबलावर ठेवून झाकण काढलं.

"आई, डोन्ट! माझे मार्क्स जातील."

"जातील कदाचित. किल्ला तुझा आहे, तूच ठरव. मी तुझ्यावर रागावणार नाही. पण आज मी हसणारही नाही."

नैना डब्याकडे बघत राहिली. मग तिने बोटाने चाळवून मांजरवालं घर शोधलं आणि टेकाडापाशी उभं केलं.

मॅम लगबगीने आल्या. "नैना, आपलं ठरलं होतं ना, घरं नकोत म्हणून?"

नैनाने मान खाली घातली. नीलांबरीची कानशिलं तापली. ओठ नेहमीसारखे फाकू लागले होते, ते तिने घट्ट मिटले.

"तुमचं ठरलं होतं," ती म्हणाली. "लिंकनमध्येही असंच ठरलं होतं. ज्यांची घरं होती त्यांना विचारलंच नव्हतं."

मॅम काही बोलणार, तेवढ्यात नैनाने मान वर न करता हात पुढे केला.

"आई, ग्लू दे."