मामांनी पिळलेलं लिंबू आणि उसाच्या रसाची रम

आधी वस्तुस्थिती, घडली त्या क्रमाने. माझा मामेभाऊ विश्वजित याने कागलच्या एमआयडीसीतली चांगली नोकरी सोडली. त्यानंतर मामांच्या बंद पडलेल्या गुऱ्हाळाच्या जागेवर, रीतसर परवाने काढून, लहानशी डिस्टिलरी उभारली. तिथे ताज्या उसाच्या रसापासून रम तयार झाली. मग जुन्या कंपनीने त्याला परत बोलावलं... आणि परवा रविवारी त्याने मला चव घ्यायला बोलावलं.

मलाच का, हे सांगणं आवश्यक आहे. मी जीवरसायनशास्त्र शिकवते, किण्वन, म्हणजे आंबवण्याची प्रक्रिया, हा माझा अभ्यासविषय आहे, आणि नात्यातल्या माणसाला बरं वाटावं म्हणून मी कशालाही चांगलं म्हणत नाही. "बाकीचे सगळे छानच म्हणणार गं ताई. तू नाही म्हणालीस, तर मी कंपनीला हो कळवून टाकतो," असं तो फोनवर म्हणाला होता.

माझी अपेक्षा माफक होती, हेही नोंदवते. नेहमीची रम मळीपासून, म्हणजे साखर काढून घेतल्यावर उरणाऱ्या काळ्या, चिकट द्रवापासून होते. ताजा रस मात्र गाळल्या क्षणापासून आंबू लागतो, त्यामुळे तोडणी, गाळप आणि किण्वन यांत जराही दिरंगाई चालत नाही. आणि आमचा विश्वजित मुहूर्ताला उशिरा पोचला होता... स्वतःच्या लग्नाच्या.

शेडमध्ये शिरताना मी मनातल्या मनात नकाराची वाक्यं जुळवत होते. सौम्य एकही जमेना. प्रत्यक्षात फरशी कोरडी होती, तांब्याचं भांडं लखलखीत होतं, बोट ठेवायला जागा सापडत नव्हती.

मामांनी पेला स्वतः भरून आणला. स्टीलचा! माझ्या कपाळावर आठी उमटली, तरी मी पेला नाकाशी नेला... आणि आधी जाणवलं ते आलं. त्यामागोमाग लिंबू. उसाचा वास कुठल्या कुठे.

"विश्वा, यात तू इसेन्स घातलास."

"नाही गं ताई! शपथ, काय बी घातलं नाही."

"मग माझं नाक खोटं बोलतंय का?"

तो पांढराफटक पडला. मी पेला खाली ठेवला. एवढी स्वच्छता, एवढे कष्ट, आणि शेवटी इसेन्सच्या बाटलीतला वास... मला खरोखर वाईट वाटत होतं, पण निकाल बदलण्याचं कारण दिसत नव्हतं.

तेवढ्यात मामा पुढे आले. "आलं-लिंबू व्हय? त्ये मी पिळलंय की!"

आम्ही दोघेही त्यांच्याकडे बघत राहिलो.

"असं काय बघताय? गुऱ्हाळावर आलेल्या पावण्याला आलं-लिंबाबिगर रस दिलाय का कवा आपण? आन् ही तर भाची! हिच्या हातात नुस्ताच द्यायचा?"

"आबा, रस न्हाय त्यो, रम हाय रम!" विश्वजित वडिलांवर ओरडला.

"मग? आपल्याच उसाची हाय न्हवं? उगं वरडू नगंस."

मी काचेचा ग्लास मागितला, स्वतः धुतला, स्वतः पुसला, आणि विश्वजितला माझ्यासमोर नवी बाटली उघडायला लावली. मामांना दोन हात लांब बसवलं.

या वेळी आधी आला तो नुकत्याच सोललेल्या कांड्याचा हिरवा, कच्चा वास. जिभेवर गवताची धार, मग ओल्या मातीसारखं काहीतरी, आणि अगदी शेवटी काकवीची पुसटशी आठवण... गोडवा नाही, नुसती आठवण. घशाखाली ऊब सरळ, स्वच्छ उतरली. मी आणखी एक घोट मागितला. परीक्षेसाठी एक घोट पुरतो. दुसरा मी माझ्यासाठी घेतला.

विश्वजित बाटलीचं बूच फिरवत उभा होता. मीच म्हणाले, "चांगली आहे." तो तिथेच पोत्यावर बसला आणि तोंड फिरवून डोळे पुसू लागला. मामा म्हणाले, "म्हंजी लिंबू नको म्हना की!" मी खूप दिवसांनी मोठ्याने हसले... खोटं बोलावं लागलं नाही, आणि खरं बोलून कुणी दुखावलंही गेलं नाही. असे प्रसंग माझ्या वाट्याला फार थोडे येतात. त्याबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे.

लेबलवरचा 'अस्सल' हा शब्द तेवढा काढावा. चव पुरेशी आहे.

आता विश्वजित, ही पोस्ट तू वाचणार आहेस, म्हणून जाहीरपणे विचारते. कंपनीला नकार कळवलास का? उत्तर मला लेखी हवं... इथेच, खाली, पूर्ण वाक्यात. अंगठ्याचं चिन्ह उत्तर म्हणून ग्राह्य धरलं जाणार नाही.